बटण दाबल्यावर सस्पेन्शनमध्ये नेमकं काय बदलतं?

हल्ली बऱ्याच गाड्यांच्या डॅशबोर्डवर ‘कम्फर्ट’ आणि ‘स्पोर्ट’ अशी बटणं दिसतात. एक दाबलं की गाडी मऊ चालते, दुसरं दाबलं की कडक होते. ज्या गाडीत ही सोय नाही तिच्यात ती नंतर बसवून देणारे संचही मिळतात. ‘बसवून घेऊ का?’ असं मला इतक्या जणांनी विचारलं आहे की एकदा सगळं नीट लिहून काढावंसं वाटलं.

विचारणाऱ्याला मी आधी एक प्रश्न करतो: बटण दाबल्यावर बदलतं काय? स्प्रिंग तीच राहते. टायर तेच, त्यातली हवा तेवढीच. गाडीचं वजन आणि उंचीही सहसा जिथल्या तिथे. बहुतेक जण इथे अडखळतात आणि ते साहजिकच आहे, कारण माहितीपत्रकात ‘मोड’ किती आहेत ते लिहिलेलं असतं, आत काय हलतं ते नसतं.

बहुतेक गाड्यांत बदलते ती शॉकअपच्या, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरच्या, आतली तेलाची वाट. ती थोडी अरुंद होते किंवा थोडी मोकळी. पुढचं सगळं या एका गोष्टीतून निघतं.

## स्प्रिंग झेलते, शॉकअप आवरतो

शॉक ॲब्सॉर्बर हे नाव थोडं फसवं आहे. चाक खड्ड्यात गेलं की धक्का झेलते ती स्प्रिंग. ती दबते, धक्क्याची ऊर्जा स्वतःत साठवते आणि लगेच परत करते. मग पुन्हा दबते, पुन्हा परत करते. झोक्याला एकदा ढकलून सोडून दिलं तर तो कितीतरी वेळ हलत राहतो, तशी नुसत्या स्प्रिंगवर उभी असलेली गाडी एका उंचवट्यानंतर बराच वेळ डुलत राहील.

हे डुलणं आवरण्याचं काम शॉकअपचं. आत तेलानं भरलेली नळी असते, तिच्यात दांड्याला लावलेला दट्ट्या असतो आणि दट्ट्यात बारीक वाटा आणि त्यांवर पातळ पत्र्यांच्या झडपा असतात. चाक वरखाली होतं तसा दट्ट्या तेलातून सरकतो, तेल त्या वाटांतून रेटलं जातं आणि स्प्रिंगची ऊर्जा उष्णतेत बदलते. खराब रस्त्यावर लांबचा प्रवास करून आल्यावर शॉकअपची नळी हात लाववणार नाही इतकी तापलेली असू शकते. गाडीचं डुलणं तिथे उष्णता होऊन संपलेलं असतं. या आवरण्याला ‘डॅम्पिंग’ म्हणतात.

दारं आपोआप हळू लावणारा क्लोजर बहुतेकांनी पाहिलेला असतो. त्यातही तेल असतं आणि बाजूला एक छोटा स्क्रू. स्क्रू आवळला की दार संथ लागतं, सैल केला की धाडकन आपटतं. दाराची आतली स्प्रिंग दोन्ही वेळा तीच. ‘ॲडजस्टेबल’ शॉकअप म्हणजे असा स्क्रू असलेला शॉकअप, आणि इलेक्ट्रॉनिक ॲडजस्टेबल म्हणजे तो स्क्रू फिरवायला माणसाऐवजी वीज.

आणखी एक गोष्ट इथेच लक्षात ठेवायला हवी. सिरिंजमध्ये पाणी भरून दट्ट्या हळू दाबला तर सहज जातो, जोरात दाबला तर अडतो. शॉकअपही असाच वागतो. तो किती दबला आहे याला महत्त्व नाही, किती वेगानं दबतो आहे याला आहे. गाडी स्थिर उभी असताना शॉकअप जवळपास काहीच करत नसतो. वजन पेलते ती स्प्रिंग.

## मग एकच सेटिंग का पुरत नाही?

कारण एकाच शॉकअपला एकमेकांशी न पटणारी दोन कामं करायची असतात.

गाडीचं वरचं शरीर, म्हणजे स्प्रिंगच्या वर असलेलं सगळं, जड असतं आणि संथ डुलतं. साध्या मोटारीत सेकंदाला साधारण १ ते दीड वेळा. चाक, त्याचं हब आणि ब्रेक हे सगळं त्या मानानं हलकं असतं. ते टायर आणि स्प्रिंग यांच्यामध्ये सेकंदाला १० ते १५ वेळा थरथरतं. शरीराचं डुलणं थांबवायला शॉकअप कडक हवा. पण तेवढा कडक शॉकअप बारीक खडबडीत रस्त्यावर चाकाला मोकळं हलू देत नाही आणि रस्त्याची प्रत्येक ठेच थेट सीटपर्यंत पोचवतो. माणसाच्या शरीराला उभे हादरे सर्वांत जास्त जाणवतात ते सेकंदाला ४ ते ८ वेळांच्या टप्प्यात, म्हणजे नेमके या दोहोंच्या मधले. तिथे शॉकअप कडक असून चालत नाही.

साधा, न बदलणारा शॉकअप बनवणारे अभियंते हा पेच झडपांच्या रचनेतून सोडवतात: दट्ट्या संथ हलला तर एक वाट, वेगानं हलला तर पत्रे वाकून दुसरी मोकळी वाट. दबताना कमी अडथळा, परत उलगडताना जास्त. यात फार मोठं कौशल्य आहे आणि चांगला साधा शॉकअप ही हलक्यात घेण्यासारखी वस्तू नव्हे.

तरीही एक अडचण उरते. गाडीचं वजन बदलत राहतं. आकड्यांत पाहू. दबल्यावर एकदाही न डुलता गाडी झटकन मूळ जागी येईल, एवढ्या डॅम्पिंगला १ म्हणू. रोजच्या वापराच्या गाड्यांत ते मुद्दाम ०.२ ते ०.४ च्या आसपास ठेवतात, म्हणजे थोडं डुलणं चालवून घेतात, पण हादरे कमी बसतात. समजा मागच्या एका चाकावर गाडी रिकामी असताना शरीराचं २५० किलो वजन येतं आणि डॅम्पिंग ०.३० आहे. मागे तीन माणसं आणि डिकीत सामान भरलं, तेच वजन ४०० किलो झालं. शॉकअपला हात न लावता डॅम्पिंग ०.२४ वर उतरतं. म्हणून भरलेली गाडी मागून जास्त वेळ झुलते. शॉकअपमध्ये तेव्हा काही बिघडलेलं नसतं, फक्त त्याच्या वाट्याला आलेलं वजन वाढलेलं असतं.

बटणानं किंवा आपोआप बदलणाऱ्या शॉकअपचा खरा उपयोग इथे आहे.

## ‘इलेक्ट्रॉनिक’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या वस्तू

संच घेणाऱ्यांची सर्वांत मोठी फसगत इथे होते, म्हणून थोडं सावकाश.

पहिला प्रकार म्हणजे शॉकअपच्या डोक्यावरची घुंडी फिरवणारी छोटी मोटर. घुंडीचे शॉकअप आधीपासून होते. गाडी थांबवायची, बॉनेट उघडायचं आणि टकटक करत घुंडी फिरवायची. तिच्या जागी मोटर बसवली की तेच काम गाडीत बसून होतं. टोयोटानं १९८३ मध्ये सोअरर या गाडीत शॉकअपची आतली वाट मोटरनं फिरवणारी सोय दिली होती, तिचं नाव टेम्स. आज जपानच्या तेइन कंपनीचा ईडीएफसी हा नंतर बसवायचा संच याच जातीचा आहे. त्याच्या पुढच्या आवृत्त्या गाडीचा वेग आणि वळणातला झोक पाहून आपण होऊन घुंडी फिरवतात.

दुसरा प्रकार विजेवर चालणाऱ्या झडपेचा. सोलेनॉइड, म्हणजे तारेचं वेटोळं; त्यातून जाणारा प्रवाह कमीजास्त केला की झडप कमीजास्त उघडते. कारखान्यातूनच ही सोय घेऊन येणाऱ्या आजच्या बहुतेक गाड्यांत हाच प्रकार असतो.

तिसऱ्यात झडपच नाही. तेलात लोखंडाचे अतिसूक्ष्म कण मिसळलेले असतात आणि दट्ट्यात तारेचं वेटोळं असतं. वीज सोडली की चुंबकीय क्षेत्रात ते कण साखळ्यांसारखे जुळतात आणि तेल त्या क्षणी घट्ट होतं. वीज थांबली की पुन्हा पातळ. या द्रवावर अमेरिकेत जेकब रॅबिनो यांनी १९४० च्या दशकात काम केलं होतं, क्लचसाठी. मोटारीच्या शॉकअपमध्ये तो ‘मॅग्नेराइड’ या नावानं २००२ च्या कॅडिलॅक सेव्हिलमधून आला. मला व्यक्तिशः या तिन्हींत सर्वांत सुंदर कल्पना हीच वाटते. घासणारी, फिरणारी झडपच नाही, फक्त तेलाचा स्वभाव बदलतो.

आता फरक पाहा. गाडी ताशी ७२ किलोमीटरनं चालली आहे, म्हणजे सेकंदाला २० मीटर. घुंडी फिरवणाऱ्या मोटरला पाव सेकंद लागला असं धरलं तरी तेवढ्यात गाडी ५ मीटर पुढे गेली. खड्डा कधीच मागे पडला. सोलेनॉइडच्या झडपेला २० मिलिसेकंद लागले तर गाडी ४० सेंटिमीटर सरकली. त्याच खड्ड्याच्या पुढच्या कडेवर चाक आदळण्यापूर्वी काहीतरी करायला तिला वाव आहे. शिवाय पुढच्या आणि मागच्या चाकांत २.६ मीटर अंतर असेल तर मागचं चाक त्याच खड्ड्यावर ०.१३ सेकंदानं पोचतं. पुढच्या चाकानं जे सोसलं त्यावरून मागच्या शॉकअपची तयारी करून ठेवायला एवढा वेळ भरपूर झाला.

म्हणून संच विकणाऱ्याला ‘किती पायऱ्यांचं ॲडजस्टमेंट आहे?’ हे विचारण्याआधी ‘बदलायला किती वेळ लागतो?’ हे विचारा. मोटरवाला संच वाईट नव्हे. ब्रेक मारताना पुढे झुकणं, वळणात कलणं, महामार्ग आणि गल्ली, रिकामी गाडी आणि भरलेली गाडी हे सगळं तो छान सांभाळतो. फक्त ‘प्रत्येक खड्डा ओळखून प्रतिसाद’ ही अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये.

## पण गाडीला कळतं कसं, केव्हा कडक व्हायचं?

सेन्सरवरून. शरीर किती जोरात वरखाली होतंय, चाक शरीरापासून किती अंतरावर आहे, स्टिअरिंग किती फिरलं, ब्रेक किती दाबला, वेग किती. ही माहिती कंट्रोलरकडे जाते आणि तो प्रत्येक शॉकअपला किती प्रवाह सोडायचा ते ठरवतो.

त्यामागचा सर्वांत प्रसिद्ध नियम डीन कार्नॉप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडला: स्कायहुक, म्हणजे आकाशातला आकडा. कल्पना करा की गाडीचं शरीर एका शॉकअपनं आकाशाला टांगलं आहे. खाली चाकं रस्त्याबरोबर काय हवा तो नाच करोत, शरीर शांत राहील. आकाशात आकडा ठोकता येत नाही, पण खालच्या शॉकअपकडून त्याची नक्कल करून घेता येते. शरीर वर जातंय आणि शॉकअप उलगडतोय, तर कडक हो, म्हणजे त्याला मागे ओढशील. शरीर वर जातंय पण चाक त्याहून वेगानं वर येऊन शॉकअपला दाबतंय, तर मऊ हो, कारण आता कडक राहिलास तर शरीराला आणखी वर ढकलशील.

यातच या यंत्रणेची मर्यादाही आहे. शॉकअप ऊर्जा फक्त काढून घेऊ शकतो, घालू शकत नाही. तो धरू शकतो, सोडू शकतो. उचलू शकत नाही. म्हणून तिला ‘सेमी-ॲक्टिव्ह’ म्हणतात. चाक खरोखर उचलणारी ‘ॲक्टिव्ह’ यंत्रणा वेगळी. १९८७ मध्ये अयर्टन सेना फॉर्म्युला वन मोटारींची मोनॅकोची शर्यत जिंकला ती लोटसच्या अशाच गाडीतून, आणि १९९२ मध्ये नायजेल मॅन्सेल विश्वविजेता झाला तो विल्यम्सच्या एफडब्ल्यू१४बी मधून. १९९४ च्या मोसमापासून फॉर्म्युला वनमध्ये तिच्यावर बंदी आली. तुमच्या गाडीला बसणारा संच या जातीचा नसतो.

## मऊ ठेवलं की आराम, कडक केलं की पकड, एवढंच ना?

हा समज फार पसरलेला आहे आणि दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे.

डॅम्पिंग फार कमी केलं तर गाडी होडीसारखी झुलते. सेकंदाला अर्ध्याहून कमी वेळा, असं संथ झुलणं माणसाला सर्वांत जास्त मळमळवतं. गाडीचं मूळ डुलणं याहून वेगवान असलं, तरी लांबट उंचवटे आणि वळणावळणांचा रस्ता मिळून शरीराला तसाच संथ झोका देऊ शकतात. मागे बसलेल्या मुलांना गाडी लागत असेल तर मोड आणखी मऊ करण्याऐवजी एक पायरी कडक करून पाहा.

उलट, डॅम्पिंग फार वाढवलं तर खडबडीत रस्त्यावर चाक रस्त्याचा मागोवा घेऊच शकत नाही. उंचवट्यावरून उडतं आणि खाली यायला उशीर करतं. हवेतल्या चाकाला ना ब्रेक लागत ना वळण घेता येत. गुळगुळीत ट्रॅकवर वेगवान वाटणारा ‘स्पोर्ट’ मोड तुटक्या डांबरावर ब्रेकचं अंतर वाढवू शकतो. ही सुरक्षेची गोष्ट आहे, म्हणून ठासून सांगतो: खराब रस्त्यावर कडक मोड लावू नका.

## गाडी उंच होईल का? जास्त वजन पेलेल का?

नाही आणि नाही. उंची आणि वजन हा स्प्रिंगचा प्रांत. उंची बदलायची तर हवेच्या पिशव्यांचं एअर सस्पेन्शन ही वेगळी यंत्रणा आहे. बऱ्याच महागड्या गाड्यांत दोन्ही एकत्र असतात, त्यामुळे गोंधळ होतो. ओझ्यानं मागे बसलेली गाडी कडक मोडमध्येही बसलेलीच राहते, फक्त झुलते कमी.

## चांगले साधे शॉकअप टाकले तर नाही का भागणार?

बऱ्याचदा भागतं, आणि हे सांगताना मला अजिबात संकोच वाटत नाही.

शॉकअप एका दिवसात मरत नाही. तेल हळूहळू पाझरतं, सील झिजतात, आतला वायू कमी होतो. चालवणारा रोज त्याच गाडीत बसतो, म्हणून त्याला उतार जाणवत नाही. हात आणि पाय नकळत जुळवून घेतात. मग एक दिवस तो नवा इलेक्ट्रॉनिक संच बसवतो आणि थक्क होतो. त्याला वाटतं हा विजेचा प्रताप. खरं तर त्यातला मोठा भाग फक्त नव्या शॉकअपचा असतो. जीर्ण शॉकअपशी नव्या संचाची तुलना करून घेतलेला निर्णय म्हणजे धुळीनं माखलेल्या चष्म्याशी नव्या चष्म्याची तुलना.

त्यामुळे आधी टायरमधली हवा बरोबर आहे का, सांध्यांतले रबराचे बुश फाटलेत का, बॉल जॉइंट सैल आहेत का, शॉकअपच्या वरचं माउंट कुरकुरतंय का, हे पाहून घ्या. बुश फाटलेला असेल तर शॉकअप कितीही हुशार असो, त्याच्यापर्यंत हालचाल पोचायच्या आतच ती लोंबत्या रबरात हरवते. हे सगळं ठीक करून, गाडीच्या मूळ दर्जाचे नवे शॉकअप टाकून तुमची तक्रार मिटली, तर काम झालं. तरीही गाडी कधी एकटी, कधी भरलेली, आज महामार्गावर आणि उद्या कच्च्या वाटेवर अशी चालत असेल, तर बदलत्या डॅम्पिंगची तुम्हाला खरी गरज आहे.

## बसवताना जे हमखास राहून जातं

बऱ्याच गाड्यांच्या पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट असतो. त्यात शॉकअप हाच चाकाला धरून ठेवणारा खांबही असतो आणि त्याच्याभोवती दाबलेली स्प्रिंग असते. ती उघडायला स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतो. दाबलेली स्प्रिंग निसटली तर जीवघेणी इजा होते, म्हणून हे काम घरी शिकत करण्यातलं नाही.

बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना शेवटचे आवळू नयेत. चाकं जमिनीवर, वजन नेहमीच्या जागी, आणि मग आवळणं. नाहीतर बुश कायमचा पिळलेला राहतो, लवकर फाटतो आणि दोष येतो नव्या शॉकअपवर. त्यानंतर व्हील अलाइनमेंट. गाडीत लेन ओळखणारा कॅमेरा किंवा रडार असेल तर कंपनीच्या सूचनेप्रमाणे त्याचं कॅलिब्रेशनही.

विजेच्या बाजूला बिघाड बहुतेकदा वायरीतून येतो. चाक पूर्ण लटकलेलं असताना आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवलेलं असताना वायर ताणली जाता कामा नये आणि टायरला घासताही कामा नये. हे प्रत्यक्ष फिरवून पाहायचं, अंदाजानं नाही. चाकाच्या कमानीतले कनेक्टर पाणी न शिरणारे हवेत. पुरवठ्याच्या सुरुवातीलाच फ्यूज हवा, आणि इग्निशन बंद केल्यावर कंट्रोलर झोपायला हवा, नाहीतर दोन दिवसांनी बॅटरी उतरलेली सापडते. मोटरवाल्या संचात बॉनेटखाली मोटरच्या डोक्याला जागा उरते का, हे विकत घेण्याआधी मोजा. झोक मोजणारा सेन्सर घट्ट, सांगितलेल्या दिशेनं बसवा आणि सपाट जागी शून्यावर आणा. तो तिरका बसला तर गाडी सरळ रस्त्यावरही स्वतःला वळणात समजते.

गाडीची वॉरंटी चालू असेल तर आधी विचारून घ्या आणि विमा कंपनीला बदल कळवा.

## मधेच वायर तुटली तर?

चांगल्या संचात याचा विचार आधीच केलेला असतो. मोटरवाल्या शॉकअपची घुंडी होती तिथेच राहते आणि तो एक साधा शॉकअप म्हणून चालत राहतो. सोलेनॉइडची झडप वीज गेली की निर्मात्यानं ठरवलेल्या एका जागी जाऊन बसते. ती जागा कोणती, हे नक्की विचारा. चुंबकीय द्रवाचा शॉकअप वीज नसताना मऊ पडतो, म्हणून तशा वेळी वेग आवरता घ्यायचा.

## कारखान्याचीच यंत्रणा असेल आणि ती बिघडली तर?

मग दोन रस्ते. काही कंपन्या मूळ कनेक्टरलाच जोडता येणारे शॉकअप बनवतात, उदाहरणार्थ बिल्स्टीनचा डॅम्पट्रॉनिक किंवा केडब्ल्यूचा डीडीसी. डॅशबोर्डवरची बटणं मग तशीच चालतात. दुसरा रस्ता साधे शॉकअप टाकण्याचा. पण तेव्हा गाडीचा संगणक गायब झालेला शॉकअप शोधत राहतो आणि इशाऱ्याचा दिवा लावतो. त्यासाठी त्या गाडीपुरतं बनवलेलं एक छोटं मॉड्यूल जोडावं लागतं, जे संगणकाला जोडणी जागेवर असल्याचा संकेत देत राहतं. मॉड्यूल नेमकं तुमच्याच मॉडेलचं आहे ना, हे पाहिल्याशिवाय घेऊ नका.

## बसवल्यावर सेटिंग कसं शोधायचं?

रोजचा एक रस्ता निवडा ज्यावर एक उंचवटा, एक वळण आणि थोडा खडबडीत पट्टा असेल. टायरमध्ये ठरलेली हवा भरा. सगळ्यात मऊ सेटिंगपासून सुरू करा आणि एका वेळी एक-दोन पायऱ्या कडक करत त्याच वेगानं तोच रस्ता पुन्हा पुन्हा घ्या. उंचवट्यानंतर गाडी एकदा वर येऊन शांत होते ती पायरी लिहून ठेवा. खडबडीत पट्ट्यावर चाकं टकटकायला लागतात तीही. तुमची जागा त्या दोहोंच्या मध्ये आहे. पुढचे आणि मागचे वेगवेगळे शोधा, आणि गाडी भरलेली असताना मागच्यांसाठी पुन्हा एकदा. मागच्या सीटवर कुणालातरी बसवून त्याचं मत जास्त धरा: चालवणाऱ्याला पुढचा खड्डा आधी दिसतो आणि त्याचं शरीर आधीच सावरतं, मागच्याचं सावरत नाही.